रक्तातली पायरी

आधी न कळवता जायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्यामुळे लोक मला भरल्या ताटावर भेटलेत, अंगाला साबण लावलेले भेटलेत, आणि एक नवरदेव तर हळद लागलेला भेटला होता. मी तृप्ती सामंत. व्यावसायिक बॉक्सरांच्या रक्ताचे नमुने घेते. कुणी उत्तेजक घेतलंय का, रक्तात काही लबाडी केलीय का, हे शोधायचं काम प्रयोगशाळेचं. मी फक्त सुई टोचते, बाटल्या सीलबंद करते आणि पाठवून देते. तरी शिव्या मलाच बसतात, कारण प्रयोगशाळेचा पत्ता कुणाला ठाऊक नसतो.

शिवलीला मगदूम मात्र कधी शिवी द्यायची नाही. सहा वर्षं मी तिच्याकडे जात होते. सांगली-मिरज रस्त्यावर एका जुन्या हळदीच्या गोदामात तिचा सराव चालायचा. हळद जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण लीलाचा जोराचा ठोसा बॅगवर बसला की आढ्यावरून अजून पिवळी धूळ उतरायची. सराव झाल्या झाल्या रक्त घेता येत नाही. दोन तास थांबायचं, मग खेळाडूला खुर्चीत दहा मिनिटं बसवायचं, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून. माणूस उभा असला की रक्तातलं पाणी वेगळं वागतं, आडवा असला की वेगळं, आणि सगळी मोजणी चुकते. ही दहा मिनिटं बहुतेक खेळाडूंना नकोशी होतात. मला आवडतात. एरवी आयुष्यात कोण कोणासमोर दहा मिनिटं नुसतं बसतं?

आमच्या दोघींच्या मध्ये तिसरी खुर्ची असायची ती वस्तादांची. इक्बाल बारगीर. मिरजेचा माणूस, स्वतः राज्य पातळीवर खेळलेला, नाकाचं हाड दोनदा मोडलेलं. बॉक्सिंगमध्ये त्यांना कोच म्हणायला हवं, पण सांगलीकडे शिकवणारा तो वस्ताद. मी लीलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेच द्यायचे.

"औषधं काही चालू आहेत?"

"न्हाईत."

"झोप नीट लागते?"

"घोरती."

"वस्ताद, उत्तर तिनं द्यायचं असतं."

"मी आनि ती येगळी हाय व्हय?"

लीला हसून मान डोलवायची. नियमात तशी सोय आहे. खेळाडूची मान्यता असेल तर प्रतिनिधीचं उत्तर चालतं, फक्त ते त्याच्या नावावर नोंदवलं जातं. मी नोंदवायची. शिष्यानं वस्तादाच्या आधी तोंड उघडायचं नाही ही तिथली रीत, आणि मी रीत बदलायला गेलेली नव्हते.

त्या दोघांची ओळखच मुळी रक्तातून झाली होती. लीला सहा वर्षांची असताना तिला टेम्पोनं उडवलं. मिरजेच्या दवाखान्यात कळलं की पोरीचा गट बॉम्बे. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला ते नाव. हजारो माणसांत एखाद्याचा असतो आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही, सगळ्यांना चालणारं ओसुद्धा नाही. या गटाच्या लोकांचं आपसांत फोनाफोनीचं जाळं असतं. एकाला लागलं की दुसऱ्यानं हातातलं काम टाकून निघायचं. त्या दिवशी फोन बारगीरांना गेला. रक्त देऊन झाल्यावर ते पोरीला बघायला वॉर्डात गेले आणि पोरीऐवजी तिचे हात बघत बसले. "एवढं लांब हात घिऊन ही लगोरी खेळनार काय?" असं त्यांनी तिच्या बापाला विचारलं म्हणे. पुढची तेवीस वर्षं त्या प्रश्नातच गेली.

आता आशियाई विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत ठरली होती. पुण्याला, मार्चमध्ये. लीला एकोणतीस वर्षांची होती. ही संधी गेली तर पुन्हा मिळणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

त्या खेपेला मी गेले तर वस्ताद खुर्चीत खचून बसलेले. पोटातला अल्सर फुटून मरता मरता वाचले होते. मिरजेच्या उरुसाच्या दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं, त्याला पाच आठवडे होत आले होते.

"रक्तच मिळंना," ते मला सांगू लागले. "रत्नागिरीचा आमचा मानूस दुबईत. साताऱ्याचा शुगर झाल्यापास्नं बाद. शेवटी बेंगळुरूहून पिशवी आली. कोन भाऊ हाय कुनाला ठावं. दर जुम्म्याला त्याच्यासाठी दुआ मागतो मी. म्हनलं, या अल्ला, त्याला बद्धकोष्ठसुद्धा हू दिऊ नकोस."

"आणि हिनं नाही दिलं?" मी सहज विचारलं.

"हिला शपत घातली हुती मी. डॉक्टरनं स्ट्रेचरवर घेतलं तवाच. पट्टा आल्याबिगार थेंब द्यायचा न्हाई. मेलो तर मेलो."

दहा मिनिटं झाली. मी प्रश्न सुरू केले.

"गेल्या चार महिन्यांत रक्त दिलंय, किंवा कुठल्या कारणानं गेलंय?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "आत्ताच सांगितलं की."

मी लीलाकडे पाहिलं. ती आपल्या पावलांकडे बघत होती. मग तिनं मान डोलवली.

इथं मला प्रयोगशाळेतल्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या मज्जेत जन्मतात आणि साधारण चार महिने जगतात. त्या जसजशा म्हाताऱ्या होतात तसतशा आक्रसतात, त्यांचं कातडं कडक होतं, त्यांच्यावर साखर चढत जाते. नवं यंत्र एकेक पेशी केसाहून बारीक नळीतून पुढे सरकवतं, तिच्यावर प्रकाश टाकतं आणि तिचं वय सांगतं. लाखो पेशींची वयं मांडली की रक्ताची जणू खानेसुमारीच मिळते. आठवड्याची बाळं किती, महिन्याच्या किती, मरायला टेकलेल्या किती. निरोगी माणसात हा आलेख लहानांकडून म्हाताऱ्यांकडे हळूहळू उतरत जातो. पण अंगातून पिशवीभर रक्त काढलं की त्या दिवसापर्यंत जन्मलेल्या सगळ्या वयांच्या पेशी एकदम कमी होतात, आणि ती तूट भरायला मज्जा नव्या पेशींची गर्दी करते. आलेखात त्या तारखेला चक्क एक पायरी पडते. चार महिने ती पुसता येत नाही.

हे कशासाठी? तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवायचं आणि लढतीच्या आदल्या दिवशी परत चढवायचं, ही जुनी चोरी आहे. त्यानं दम वाढतो, आणि रक्त ज्याचं त्याचंच असल्यामुळे ते पकडता येत नव्हतं. पायरीनं ते पकडलं. सुरुवातीला लोक रक्तदानाची प्रमाणपत्रं आणून दाखवू लागले. आपल्याकडे प्रमाणपत्राला काय तोटा! कुठल्या तरी नेत्याचा वाढदिवस, मांडव, चहा-बिस्किटं, भेट म्हणून पाण्याचा जार, आणि मागाल त्या नावाचा कागद. शेवटी बॉक्सिंग मंडळानं कागद मानायचंच बंद केलं. रक्त द्यायचं असेल तर आधी परवानगी घ्या. न घेता पायरी दिसली तर दोन वर्षं बंदी. परवानगीला आठवडा लागतो. स्ट्रेचरवरच्या माणसाला आठवडा कुठून आणायचा, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नाही. मलाही पडला नव्हता, हे कबूल करते. चोर सापडत होते म्हणून मी खूश होते.

लीलाच्या रक्तात पायरी सापडली.

खात्रीचा दुसरा नमुना घ्यायला मलाच पाठवलं. शुक्रवारची दुपार होती, वस्ताद नमाजाला गेले होते. गोदामात आम्ही दोघीच. लीलानं खुर्ची ओढली, पावलं टेकवली, हात मांडीवर ठेवले. तिला दहा मिनिटं होती आणि मला तोंड बंद ठेवायची सक्ती. निकालाबद्दल खेळाडूशी बोलायचं नाही, हा आमचा दुसरा नियम.

तीच बोलली. "मॅडम, मंडळानं विचारलंय, रक्त कुठं ठेवलंयस. मी लिहिलं, ठेवलं न्हाई, दिलं. मग विचारलं, कुनाला. मी म्हनलं, सांगणार न्हाई."

"का?"

"तुमाला कळलंय की."

मला कळलं होतं. पायरीची तारीख मी पाहिली होती आणि उरूस कधी होता तेही मला ठाऊक होतं.

"बेंगळुरूचं मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "रक्तपेढीवाले नाव सांगत न्हाईत, मग काय अवघड. आता तुमी सांगू नका. त्यांचा जीव वाचावा म्हनून मी दिलं. त्यापायी माझी बंदी झाली हे कळलं तर ते वाचून काय उपेग? अन्नाला शिवायचे न्हाईत. त्यापरीस मी चोर ठरलेली बरी. त्यांना वाटू दे, मशिन खोटं हाय."

"लीला, पुरावा आहे. त्यांच्या अंगातल्या तुझ्या पेशींत आहे. पण तो रोज थोडा थोडा मरतोय. सुनावणी संपेपर्यंत काही उरणार नाही."

"मरू दे."

"आणि पट्टा?"

दोन्ही हातांच्या मुठी तिनं मांडीवर वळल्या होत्या. "मला पाहिजेच हाय तो पट्टा," ती म्हणाली. "लई पाहिजे हाय. पण तुमी शब्द द्या."

मी शब्द दिला नाही. नाहीही म्हटलं नाही. दहा मिनिटं झाली होती, मी तिच्या दंडाला पट्टी बांधली आणि शीर शोधू लागले. तिची शीर शोधावी लागत नाही, तरी शोधली.

मी बाटल्या सील करत होते तेवढ्यात वस्ताद आले. डोक्यावरची टोपी काढायच्या आधीच सुरू झाले. "आलासा परत? त्या मशिनला म्हनावं, माझी पोरगी रक्त काढून फ्रिजमदी ठिवायची न्हाई. भाजी ठिवत न्हाई ती फ्रिजमदी! तेवीस वर्सं डोळ्यासमोर हाय माझ्या. हे काय नोटीस धाडलंय, सगळं इंग्रजीत. वाचून दावा मला. कवा काढलं म्हनत्यात रक्त?"

"मॅडम," लीला म्हणाली. "नको."

नोटीस त्यांच्याही नावानं होती, ती वाचून घ्यायचा त्यांना हक्क होता. मला टाळताही आलं असतं. मंडळाला फोन करा, म्हणून हात झटकायचा रस्ता आमच्या नोकरीत कायम मोकळा असतो. लीला माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत सरळ सरळ विनवणी होती. मला तिचा राग आला. एवढी मोठी गोष्ट करायची आणि ती ज्याच्यासाठी केली त्यालाच अंधारात ठेवायचं, हा कसला मोठेपणा? पुढे दोन वर्षं बसून रोज त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघणार होती ती, आणि तो रोज कुणा परक्याला दुवा देणार होता.

मी नोटीस वाचली. तारीख वाचली.

वस्तादांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "ही तर उरसाच्या..." ते म्हणाले आणि थांबले. टोपी आता त्यांच्या हातात आली होती. ती त्यांनी दोनदा उलटी-सुलटी केली.

"बेंगळुरूचा भाऊ," ते अखेर म्हणाले.

लीला भिंतीकडे तोंड करून हातमोजे आवरू लागली. त्यात आवरण्यासारखं काही नव्हतं.

"शपत घातली हुती तुला."

"घातली हुती. मोडली."

"मला इचारलं न्हाईस."

"तुमी शुद्धीवर कुठं हुतासा?" ती वळली. "आनि मी सहा वर्सांची हुते तवा तुमी कुनाला इचारलं हुतं? दुसऱ्या दिवशी फायनल हुती तुमची. तुमच्या घरी वैनींनी सांगितलंय मला. रक्त देऊन गेलासा आनि दुसऱ्या राऊंडला पडलासा."

"त्यो लेफ्टी हुता म्हनून पडलो."

"व्हय. तर."

वस्ताद खाली बसले. ते रडत होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. मी माझ्या पेटीत उगाच काहीतरी शोधत राहिले. माझ्या नोकरीत मी माणसांना खूप अवघडलेलं पाहिलंय, पण तिथून निघून जावंसं मला त्या दिवशीच वाटलं.

मग त्यांनी तोंड पुसलं आणि मला विचारलं, "आता काय करायचं, सांगा."

मी सांगितलं. गट एकच असला तरी प्रत्येक माणसाच्या पेशीवर आणखी कितीतरी बारीक खुणा असतात आणि त्या दोघांच्या सारख्या नसतात. यंत्र त्यांवरून वस्तादांच्या पेशी वेगळ्या काढील आणि लीलाच्या वेगळ्या. लीलाच्या ज्या पेशी त्यांच्या अंगात आहेत त्या सगळ्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत जन्मलेल्या निघतील. त्यानंतरची एकही सापडणार नाही, कारण त्या बनवणारी हाडं इकडे आलेली नाहीत. तिच्या आलेखात जिथं पायरी पडलीय, बरोबर तिथंच वस्तादांच्या अंगातल्या तिच्या पेशींचा आलेख संपेल. दोन तुकडे जोडून बघायचे, बस्स. असा पुरावा मंडळाला नाकारता येणार नाही. तिनं परवानगी घेतली नाही एवढंच उरेल, आणि जीव वाचवायला दिलं म्हटल्यावर ते समज देऊन सोडतील.

"मग घ्या की रक्त!"

"थांबा. आधी ऐका. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा 'न्हाई' तुम्ही म्हणालात. ते तुमच्या नावावर आहे. हा नमुना दिलात की ते उत्तर खोटं ठरतं, आणि खोट्या उत्तराला समज नसते. तुमचा कोचचा परवाना वर्षभरासाठी जाईल. पुण्याला रिंगजवळ तिच्या कोपऱ्यात तुम्हाला उभं राहता येणार नाही. तिकीट काढून लोकांत बसावं लागेल."

"मला ठाऊक नव्हतं तवा म्हनलो मी."

"नियमात ठाऊक असणं-नसणं नाही, वस्ताद. उत्तर कुणी दिलं, एवढंच आहे."

"मग नको!" लीला पुढे आली. "मी एक राऊंड त्यांच्याबिगार खेळलेली न्हाई. बंदी परवडली."

"गप बस."

"वस्ताद, कोपऱ्यात कोन असनार? पानी कोन देनार? डावा हात खाली आला की वरडनार कोन?"

"तितनंच वरडीन. लोकांत बसून. भोंगा लावला तरी मला कोन अडवतंय बघू." त्यांनी बाहीची बटणं काढली. ऑपरेशननं हात वाळला होता. त्यांनी तिचीच खुर्ची ओढली आणि बसले, आणि मी सांगायच्या आधी चपला काढून दोन्ही पावलं नीट जमिनीला टेकवली. सहा वर्षं बघत होते ते.

दहा मिनिटं लावली मी. लीला मधल्या खुर्चीत येऊन बसली. या वेळी जागा बदलल्या होत्या, एवढंच.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती दिस हायत अजून? हिच्या त्या पेशी. माझ्यात."

"दोन-अडीच महिने. रोज थोड्या जातील."

"आनि मग?"

"मग सगळं तुमचं स्वतःचं."

ते त्यांना आवडलं नाही. ते हाताकडे बघत राहिले. "म्हंजे पुन्याला लढत हुईल तवा हायत अजून."

"थोड्या असतील."

"बास की मग," ते लीलाला म्हणाले. तिनं हातमोज्यात तोंड लपवलं.

वेळ झाली. मी टॅब उघडला आणि रीतसर सुरुवात केली. नाव, वय, गट. हे त्यांनी सांगितलं. मग तो प्रश्न आला, जो रक्त देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला विचारायचा असतो.

"गेल्या चार महिन्यांत तुम्हाला रक्त चढवलंय?"

वस्तादांनी लीलाकडे बोट केलं.

"वस्ताद, उत्तर तुम्हीच द्यायचं असतं."

"तिला इचारा," ते म्हणाले. "तिचंच हाय."

मी लीलाकडे पाहिलं. तेवीस वर्षांत तिनं वस्तादांच्या आधी कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान डोलवली.

"व्हय," ती म्हणाली. "चढवलंय."

मी ते तिच्या नावावर नोंदवलं आणि सुई उघडली.